माझ्या पाठीवरची कडी

मी दरवाजा बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण बाहेर गर्दी जमली आहे आणि मला धडकी भरली आहे.

मी रस्त्यावरचा दरवाजा नव्हे. टेलरमामांचं दुकान आणि इस्त्रीकाकांचं दुकान यांच्या मधल्या भिंतीत मी उभा आहे. दोघांनी मिळूनच मला बसवून घेतलं. शिवलेले कपडे माझ्यातून पलीकडे जायचे आणि इस्त्री झाली की काका दोनदा टकटक करून परत आणून द्यायचे. मला कडी नव्हतीच. कोणी कोणासाठी लावायची?

"मामा, तुमची वाकडी शिलाई माझ्या इस्त्रीनं सरळ होते, म्हणून गिऱ्हाईक टिकलंय!" काका चिडवायचे.

"आणि तुम्ही जाळलेल्या कॉलरी?" मामा म्हणायचे.

दोघांच्या वस्त्या वेगळ्या, प्रार्थना वेगळ्या. मत मात्र दोघांनी एकाच नेत्याला दिलं. 'आपण सारे एक' असं लिहिलेलं त्याचं चित्र मामांनी खळ लावून माझ्याच अंगावर चिकटवलं. मीही छाती फुगवून उभा राहिलो, खोटं कशाला बोलू?

मग शहरात भांडण पेटलं. काकांच्या लोकांची दुकानं जळू लागली. "आपला माणूस बोलला की सगळं थांबेल," म्हणत दोघं मामांच्या छोट्या टीव्हीसमोर बसले. नेता बोलला. म्हणाला, "लोकांचा राग मी समजू शकतो."

"जाळणाऱ्यांचा राग समजतो याला," काका म्हणाले. "याच्यासाठी रांगेत उभे राहिलो होतो का आपण?"

मामांनी टीव्ही बंद केला, पण काकांकडे बघितलं नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आज सकाळी मामांचा जावई सुताराला घेऊन आला. "तिकडून कोणी घुसलं तर? दुकानामागं घरात लेकरंबाळं आहेत." मामांच्या बाजूनं मला कडी बसली. स्क्रू आत शिरत होते तेव्हा मामा पाठ फिरवून कापडाच्या घड्या घालत होते.

आता पलीकडे काकांच्या शटरवर लाथा बसताहेत. आणि माझ्यावर, नेहमीसारखीच, दोनदा टकटक.

"मामा... मी आहे हो."

मामा उठून माझ्यापाशी आले आहेत. ज्या बोटाला मतदानाची शाई लागली होती, तेच बोट कडीवर ठेवून उभे आहेत. मला हात असते तर मी केव्हाच उघडलो असतो.

मामा, तो चित्रातला येणार नाही. इथं फक्त तुम्ही आहात. काढा ना कडी!