गेम तर पळतोय ना

'कर्र.' मी ऐकलेला हा पहिला आवाज. मला कंप्युटरच्या बोर्डवर ठेवून वरची पट्टी दाबली तेव्हाचा. पाठोपाठ दादा ओरडला, "बसला!" आणि त्याच्या धाकट्या बहिणीने टाळ्या वाजवल्या.

मी प्रोसेसर. टेबलावर खोक्यात पडल्या पडल्या बोलतोय, सावकाश. आता घाई कसली? माझं शिक्षण बेताचंच. शून्य आणि एक, एवढे दोनच आकडे येतात. त्यांच्यावर सहा वर्षं काढली.

ते मशीन दादाने स्वतःच्या हातांनी जोडलं, बहिणीला व्हिडिओ एडिटिंग करायचं होतं म्हणून. दिवसा तिचं काम, संध्याकाळी त्याचा गेम.

गेम म्हणजे मला जवळजवळ सुट्टीच. दादाचा स्क्रीन मोठा, फोर-के. एवढं बारीक चित्र रंगवायचा भार शेजारच्या ग्राफिक्स कार्डावर पडायचा. ते घामाघूम व्हायचं आणि मी नुसता 'पुढे काय' ते सांगत बसायचो. बहिणीचं काम तसं नव्हतं. तिने व्हिडिओ पूर्ण करायला लावला की माझे सहाही कोअर, म्हणजे आतले सहा मेंदू, एकदम जुंपले जायचे. मग मी तापायचो, इतका की जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद पडायचं. डोक्यावर पंखा जीव तोडून फिरायचा, पण गारवा काही माझ्यापर्यंत पोचायचा नाही. का, ते मला कळलं नाही.

"दादा, पुन्हा बंद पडलं रे."

"माझा गेम तर पळतोय ना सुसाट? मग मशीनमध्ये खोट कशी असेल? तूच काहीतरी भलतंसलतं दाबत असशील, शहाणे."

"मी हातसुद्धा लावला नव्हता!"

"मग तुझं तोंड बघून त्याला झोप येत असेल."

ती हसायची. पुढे हसेनाशी झाली. एका स्टुडिओचा मोठा व्हिडिओ तीनदा अर्ध्यावर बंद पडला आणि ते काम दुसऱ्या कुणाला गेलं. त्या दुपारी ती की-बोर्डवर हात ठेवून नुसती बसली होती. "माझंच काहीतरी चुकतं," असं म्हणाली. मला काय वाटलं? काही नाही. ताप उतरला की मला काही वाटत नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका स्टुडिओने तिला फोर-के व्हिडिओ करायला दिला. गुरुवारी सकाळी पोचला तर कायमची नोकरी. बुधवारी तिने दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. ते नवा प्रोसेसर घेऊनच आले, बसवून बघू म्हणाले.

"बसवाच काका," दादा म्हणाला. "माझ्या गेमलाही पंख फुटतील."

काकांनी माझ्यावरचा कूलर, म्हणजे पंख्याचा अख्खा ठोकळा, काढला, उलटा करून खिडकीशी धरला. तळाला एक पारदर्शक प्लॅस्टिक चिकटलेलं होतं. त्यावर छापलं होतं, 'बसवण्याआधी काढा'.

"हे जोडलं कुणी?"

बहिणीने दादाकडे पाहिलंच नाही. ती त्या प्लॅस्टिककडे बघत राहिली.

"सहा वर्षं बिचारा रजई पांघरून धावला," काका म्हणाले. "थांबा, आधी ह्यालाच नीट बसवू."

त्यांनी प्लॅस्टिक काढलं, मला पुसलं, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. आयुष्यात पहिल्यांदा मला गार वाटलं. तिचा गुरुवारचा व्हिडिओ मी एक तास दहा मिनिटांत पुरा केला, न थांबता. मग मला काढून नव्याला बसवलं. त्याने पंचवीस मिनिटं घेतली. तरुण आहे, कोअर सोळा आहेत. व्हिडिओ तिने तिथल्या तिथे पाठवून दिला. मग गेम लावला. माझ्यावर सेकंदाला अठ्ठावन्न चित्रं उमटली होती, नव्यावर एकोणसाठ.

"हे एक जास्तीचं चित्र डोळ्यांनी पकडून दाखवा, मिशी उतरवतो," काका दादाला म्हणाले. "मोठ्या स्क्रीनवर सगळं ओझं ग्राफिक्स कार्ड ओढतं. तुमच्या खेळाला जुना पुरे. ताई, तुम्हाला मात्र असे चार-चार व्हिडिओ रोज करावे लागणार. तुम्ही नवा ठेवा."

बरोबर बोलले. मला राग नाही. एवढंच सांगणं आहे की कुणी थकलेला दिसला, तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या अंगावर काय राहून गेलंय ते एकदा बघा.

काका गेले. बहिणीने मला नव्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं आणि खोका दादापुढे धरला.

"तुला स्वतःचं वेगळं मशीन करायचंय ना? हा घे. चांगला आहे रे."

दादाने हात पुढे केला, पण खोक्याला लावला नाही. बहिणीकडे पाहिलं. ओठ हलले.

मग हात खिशात घातले आणि तो निघून गेला.