निगेटिव्ह ताई

बुद्धपौर्णिमेला दोघी बहिणी तिकोणा पेठेला आईकडे जमल्या होत्या. खिरीची पातेली घासून झाली तशी अनघानं मोठ्या बहिणीला, ज्योत्स्नाला, आतल्या खोलीत बोलावलं आणि तिचा हात धरून आपल्या डाव्या छातीवर ठेवला.

"ताई, हे काय असेल गं?"

बोटांना गाठ लागली. त्यांची मावशी याच दुखण्यानं गेली होती.

"उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चल. मावशीचं बी असंच सुरू झालतं."

अनघानं तिचा हात झटकला. "असं तोंडानं बोलायचं नसतं, ताई."

अनघाचा नवरा सुरज लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर मॅनेजर होता. तिथल्या हॉलमध्ये दर रविवारी गौरव सरांचा वर्ग भरायचा. वाईट विचार केला की वाईट घडतं, आणि तसले विचार डोक्यात घालणारी माणसं सख्खी असली तरी लांब ठेवायची, असं सर हसत हसत सांगायचे. त्या वर्गानं अनघाचं भलंही केलं होतं. दोनदा गर्भ टिकला नाही, तेव्हा ती अंथरुणातून उठेना. वर्गाला जायला लागली आणि पुन्हा केस विंचरू लागली, हसू लागली. म्हणून ज्योत्स्ना आजवर गप्प होती.

आता मात्र ती रोज पवनानगरच्या आपल्या घरून फोन करू लागली. "दाखवलंस का?" एवढंच विचारायची. थोड्याच दिवसांत फोन लागेनासा झाला. तशी ती जीप पकडून लोणावळ्याला गेली. दार सुरजनं उघडलं, पण आत या म्हणाला नाही.

"तुमचा फोन आला की ती जेवत नाही. मला तिला सांभाळायचंय."

"दाजी, मी नको तर नको. पण तिला एकदा दाखवून तर आणा."

"बघा, परत तेच. तुम्ही निगेटिव्ह आहात, ताई. राग मानू नका."

पडद्याखाली अनघाची पावलं दिसत होती. ती बाहेर आली नाही.

थंडीत अनघाची पाठ धरली. हात सुजला. तेव्हा कुठं सुरजनं तिला पुण्याला नेलं. रोग हाडांत उतरला होता. डॉक्टर दोघांवरही ओरडले.

पुढच्याच रविवारी गौरव सरांनी सुरजला बाजूला घेतलं. अनघाला सध्या वर्गाला आणू नका, बाकीच्यांची मनं खचतात, म्हणाले. सुरजनं ऐकलं. तिला तिकोणा पेठेला आणून सोडताना तो सासूला, शालनबाईंना म्हणाला, "इथली हवा चांगली आहे." त्याचे स्वतःचे रविवार चुकले नाहीत.

अनघाला दवाखान्यात न्यायचं काम ज्योत्स्नाकडे आलं. एकदा एसटीत अनघा खिडकीकडे बघत म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस. त्याला मन घट्ट ठेवावं लागतं."

"न्हाई बोलत."

"आणि खरं सांगू का ताई? त्या दिवशी तू बोललीस, म्हणून हे झालं. माझ्या मनात काहीच नव्हतं."

ज्योत्स्नाला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्या गालावर मांस उरलं नव्हतं. ओढणीखाली केसही नव्हते.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच तोंड वाईट."

अनघाचा चेहरा निवळला. कुणावर तरी ठपका ठेवून झाला, तशी तिला डुलकी लागली. तिचं डोकं हिसक्यांनी काचेवर आपटत होतं. ज्योत्स्नानं ते ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. तिला माफ मात्र केलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढं माती देतानाही नाही.