खांद्याचं कारण

डॉक्टर लेकीने बाबांचं उजवं कोपर त्यांच्या कुशीला टेकवलं आणि मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला वळवला. जरासा वळला आणि अडला.

"सैल सोडा, बाबा."

"सोडलाय की!"

सोडला होता खरा. आता तिने तो स्वतःच वर उचलून पाहिला. स्नायू फाटला असता, तर तिच्या हाताने तरी वर गेला असता. गेला नाही. सांधाच आखडला होता.

"अगं, एवढं तपासतेस काय? हा खांदा कात्रीने खाल्लाय. जन्मभर लोकांचे केस कापले, तेव्हा घरात डॉक्टर झाली!"

हे वाक्य सलूनमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ होतं. गेले काही महिने हात वर जाईना, तसे बाबा खुर्ची खाली खाली करत गेले. गिऱ्हाइकांचे गुडघे हनुवटीला टेकायची वेळ आली, पण तक्रार करायची कुणाची टाप होती? बाबा कळ सोसत हसायचे. दुखणं कसलं, मेडलच मिरवत होते म्हणा ना!

लेकीचं लक्ष त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे गेलं. वस्तऱ्याने कापल्याची जखम होती, अजून ओली.

"हे कधी लागलं?"

"झाला असेल महिना. भरतच नाही मेलं."

"तहान फार लागते?"

"तुला कुणी सांगितलं?"

तिने त्यांच्या बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्रावर तपासलं. आकडा तिने पुन्हा एकदा पाहिला. 'हो, कात्रीमुळेच' एवढं म्हटलं असतं, तर बाबा आनंदाने घरी गेले असते. सांगायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"बाबा, कात्रीचा दोष नाही. तुमची साखर वाढलीये, बरीच. त्याने खांदा असा आखडतो. उद्या उपाशीपोटी पुन्हा तपासू. साखर आटोक्यात ठेवलीत, व्यायाम केलात, की हळूहळू मोकळा होईल."

"म्हणजे कामाने नाही झालं?"

"नाही."

बाबांचा चेहरा पडला. शर्टाच्या बाहीत हात घालताना ते धडपडले. तिने बाही धरली.

"रागावलात?"

"मग काय पेढे वाटू? सगळी फुशारकी एका थेंबात घालवलीस माझी." गुंडी लावता लावता ते थांबले, तिच्याकडे बघत राहिले. "दुसरी असती तर बापाचं मन राखलं असतं."

बोलताना त्यांची मान मात्र ताठ होती.

दवाखान्याबाहेर बाकावर एक हमाल खांदा चोळत बसला होता.

"ओझी उचलून गेलाय हो," तो बाबांना म्हणाला. "यात तपासायचं काय?"

"ते तुम्ही आम्ही कोण ठरवणार? आत जा," बाबा म्हणाले. "माझी मुलगी आहे. बापाचंसुद्धा ऐकत नाही ती."