लोकेशन नसलेले फोटो

चारुलता पाटील एकोणीस वर्षं नर्स होती. त्यातली शेवटची सहा वर्षं मोलगीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका उपकेंद्रात गेली. सोमवारी कळसाडीहून निघायचं, शहाद्याहून एसटीने अक्कलकुवा, तिथून जीप. शनिवारी तोच रस्ता उलटा. नवरा धर्मेंद्र कापूस आणि उसात गुंतलेला, मुलगी नाशिकला शिकायला. आठवड्यातले पाच दिवस चारुलता उपकेंद्रामागच्या खोलीत एकटीच भात टाकायची आणि पातेल्यातूनच जेवायची.

चालण्याचं तिला काही वाटत नसे. तिला थकवलं होतं फोटोंनी. बाळाचं वजन केलं, फोटो. गरोदर बाईला गोळ्या दिल्या, फोटो. पाड्यावर पोहोचल्याचा फोटो, निघाल्याचा फोटो. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि ठिकाण उमटलं पाहिजे आणि तो त्याच दिवशी मोबाइलवरून वरच्या ऑफिसात गेला पाहिजे. डोंगरात रेंज नसायची. मग दिवसभर चालून आल्यावर ती शाळेमागच्या टेकडीवर चढायची आणि फोन उंच धरून उभी राहायची. एक फोटो जायचा, दुसरा अडकायचा. फोनमध्ये नऊ हजारांवर फोटो साठले होते. त्यातला एकही तिने दुसऱ्यांदा उघडून पाहिला नव्हता.

दिवाळीच्या साफसफाईत कळसाडीच्या घरी कपाटाच्या तळाशी तिला एक कॅमेरा सापडला. काळा, तळहातात मावणारा, भिंगावर सरकतं झाकण असलेला. लग्नात तिच्या भावाने, अमृतने, दिला होता. आतले सेल फुटून हिरवी भुकटी जमली होती.

"भंगारवालाले दी टाक," धर्मेंद्र म्हणाला.

तिने तो पिशवीत टाकला आणि शहाद्याला भिलाभाऊंच्या स्टुडिओत नेला. भिलाभाऊंनी तालुक्यातली अर्ध्याहून जास्त लग्नं रोलवर काढलेली. आता ते पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर होते.

"हाऊ कोठे सापडना, ताई?"

"कपाटमा. चालस का देखा ना, भिलाभाऊ."

त्यांनी लिंबाचा रस लावून भुकटी खरवडली, नवे सेल घातले, मागचं झाकण उघडून भिंगातून उजेडाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला.

"चाली ऱ्हायना! पण रोल आते नंदुरबारमा बी भेटत नही. मुंबईथून मांगाडनं पडी. धोवाले बी तिकडेच धाडनं पडी. मोबाइल ते शे ना तुन्हाकडे?"

"मोबाइलमा काम शे," चारुलता म्हणाली.

भिलाभाऊंनी वहीत रोलची नोंद केली.

रोल यायला पंधरा दिवस लागले. छत्तीस फोटोंचा. तो भरायचा कसा, चार हातांपेक्षा जवळ गेलं की फोटो धूसर का येतो, एक फोटो झाला की मागचं दातेरी चाक अंगठ्याने अडेपर्यंत कसं फिरवायचं, हे सगळं भिलाभाऊंनी तिला दोनदा दाखवलं.

त्यानंतर कॅमेरा लसीकरणाच्या रजिस्टरांबरोबर तिच्या पिशवीत राहू लागला. दिवसाला एक फोटो, कधी तोही नाही. जीपच्या टपावर पाय बांधून बसवलेल्या कोंबड्या. उपकेंद्राच्या भिंतीवर वाळत घातलेली तिचीच साडी. मोलगीच्या बाजारात आमचूरच्या ढिगामागे डुलक्या घेणारी म्हातारी. प्रकाशा गावाच्या पुलावर एसटीच्या खिडकीतून दिसलेला केळीचा ट्रक. पुष्कळदा ती कॅमेरा डोळ्याला लावायची, त्या इवल्याशा चौकोनातून बघत राहायची आणि बटण न दाबताच खाली घ्यायची. तेवढ्याने भागायचं. अंगठ्याखाली ते चाक किर्र वाजत फिरलं की सकाळपासूनचा आवळलेला जबडा थोडा सैल व्हायचा.

फुलीबाईला हे काही पटेना. फुलीबाई उपकेंद्रातली मदतनीस, पन्नाशीची. लसींचा निळा डबा खांद्याला लावून ती चारुलताच्या पुढे चालायची. कॅमेरा पहिल्यांदा तिच्याकडे वळला तेव्हा तिने सवयीने डबा छातीशी धरला, पाय जुळवले आणि ताठ उभी राहिली.

"अशी नको. बस ना, बसली होतीस तशी."

"मग साहेबाला डबा कसा दिसेल?"

"हा साहेबाला नाही जायचा."

"मग कोणाला?"

चारुलताने कॅमेरा डोळ्याला लावला. फुलीबाई हळूच खाली बसली आणि पदराने तोंड पुसलं. टक् झालं.

"दाखव."

"आता नाही दिसत. सगळा रोल संपला, मुंबईला जाऊन आला, की दिसेल."

"तवर मी मेली तर?" फुलीबाई हसून म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली.

डिसेंबरच्या मध्यात कुंडीपाड्याचं लसीकरण सत्र होतं. जीप सोडून दोन तासांची चढण, मध्ये एक ओढा. त्या दिवशी सकाळी फोन चालूच झाला नाही. चारुलताने बटणं दाबून पाहिली, हातरुमालात गुंडाळून ऊब दिली, आणि शेवटी तो पिशवीत टाकून निघाली. अंगणवाडीच्या फळ्यावर तिने नेहमीसारखी खडूने तारीख लिहिली. अकरा मुलांना लस टोचली, आयांच्या पिवळ्या कार्डांवर नोंदी केल्या, रजिस्टरवर अंगठे घेतले. मुलं रडून थकल्यावर तिने छोट्या कॅमेऱ्याने तीन फोटो काढले. फळ्याखाली बसलेली फुलीबाई, झोळीच्या वजनकाट्यात लोंबणारं एक बाळ, आणि तुरीच्या काड्यांच्या भाऱ्याला टेकून मुलाला पाजणारी एक आई.

उतरताना ती ओढ्यावर थांबली. बूट काढून पाय पाण्यात सोडले, डोकं दगडाला टेकवलं आणि तिचा डोळा लागला. अर्ध्या तासाने फुलीबाईने तिला हलवून उठवलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं चाक फिरवलेलं नाही असं तिच्या लक्षात आलं. आपणच विसरलो असं समजून तिने ते फिरवलं.

जानेवारीत वरच्या ऑफिसातून नोटीस आली. कुंडीपाडा सत्राचा एकही फोटो प्राप्त नाही, सबब आपण गैरहजर होता असे का समजू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. चारुलताने नोटीस दोनदा वाचली आणि घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवली. राग यायला हवा होता, पण तेवढंही अंगात उरलं नव्हतं.

त्याच शनिवारी ती शहाद्याला उतरली. धुवायला दिलेला रोल आला होता. भिलाभाऊंनी पाकिटातले प्रिंट काचेच्या टेबलावर एकेक मांडले. रंग थोडे पिवळसर होते, दोन फोटो अगदीच काळे, एकात तिचं बोट आडवं आलेलं. तरी कोंबड्या होत्या, ट्रक होता, तोंड पुसून बसलेली फुलीबाई होती. कितीतरी दिवसांनी चारुलता हसली.

"आन हाई कोन शे?" भिलाभाऊंनी एक प्रिंट पुढे सरकवला.

दगडाला डोकं टेकवून एक बाई झोपली होती. तोंड उघडं, केस सुटलेले, पाय पाण्यात, हात मांडीवर उलटा पडलेला. डोळ्यांखाली काळं. क्षणभर चारुलतालाही ओळख पटली नाही. कुणीतरी म्हातारी, आजारी बाई वाटली.

"मीच शे," ती म्हणाली.

भिलाभाऊंनी प्रिंट उलटा करून पाकिटात सरकवला आणि निगेटिव्हच्या पट्ट्या वर ठेवल्या.

सोमवारी ती डोंगरात न जाता ऑफिसात गेली. साहेब निवृत्तीला आलेले, जाड भिंगाचा चष्मा लावणारे. तिने फोन बंद पडल्याचं सांगितलं, रजिस्टर पुढे ठेवलं आणि त्यावर सत्राचे तीन प्रिंट.

"यात लोकेशन नाही," साहेब म्हणाले.

"रोलचा कॅमेरा आहे, साहेब. फळ्यावर तारीख आहे."

"खडू कोणीही हातात घेईल. ते तीन फोटो एकाच दिवसाचे कशावरून? निगेटिव्ह आहे?"

तिने पाकिटातून पट्टी काढून दिली. साहेबांनी ती कडांनी धरली, पूर्वी निगेटिव्ह हाताळलेला माणूस धरतो तशी, आणि ट्यूबलाइटकडे उंच केली. फळा, वजनकाटा, आई. मग पुढच्या चौकटीवर त्यांचा हात थांबला. पट्टीत सगळं उलटं दिसतं, काळं पांढरं आणि पांढरं काळं. तरी झोपलेलं माणूस ओळखू येतंच.

"हे कोण?"

"मी. सत्र संपल्यावर, उतरताना. मदतनीसबाईने काढला, मला माहीत नव्हतं." ती थांबली. "आधी हजर नव्हते म्हणालात, आता ड्यूटीवर झोपले म्हणा. दोन्हीतलं एक काहीतरी लिहा, साहेब."

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, म्हणून कदाचित साहेबांना राग आला नाही. त्यांनी पट्टी परत दिली.

"परवा मी कुंडीपाड्याला येतो. कार्डं बघतो."

ते खरंच आले. जीपच्या शेवटच्या थांब्यावर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन उतरले आणि पहिल्या चढावरच त्यातली एक संपवली. पाड्यावर त्यांनी अकरापैकी नऊ कार्डं पाहिली. उरलेल्या दोघी आयांची बिऱ्हाडं ऊसतोडीला गेली होती. प्रत्येक कार्डावर तीच तारीख होती. परत उतरताना ओढ्याजवळ ते न विचारता बसले. फुलीबाईने त्यांना डब्यावर टेकायला दिलं.

"आठवड्यातून किती वेळा येता इकडे?"

"इकडे महिन्यातून दोनदा. पण असे सात पाडे आहेत."

साहेबांनी गुडघ्यावर फाइल ठेवून लिहिलं, की प्रत्यक्ष पडताळणीत सत्र झाल्याचे आढळले, नोटीस रद्द. "फोटो मात्र यापुढे नियमाने लागतील," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "ते माझ्या हातात नाही."

"साहेब, मला आठ दिवस रजा पाहिजे."

"कारण?"

"झोपायचं आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. फाइलीतल्या कोऱ्या अर्जावर त्यांनी 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि तिथेच सही केली.

रजेवर निघण्याआधी चारुलताने फुलीबाईला तिचा फोटो दिला. फुलीबाईने तो दोन्ही हातांत धरून लांब केला, जवळ आणला.

"अशी बसते मी?" तिने विचारलं. "माझी आई अशीच बसायची." मग म्हणाली, "तुझा काढला म्हणून रागावली का? तू कधी गप्प बसत नाहीस. त्या दिवशी बसली, म्हणून काढला."

"नाही रागावले."

कळसाडीत चारुलता तीन दिवस झोपली. जेवायला उठायची, ताट घासायची आणि परत आडवी व्हायची. सासू रंजनाबाई दाराशी येऊन बघून जायच्या. चौथ्या दिवशी दुपारी तिला आपोआप जाग आली. ओट्यावर रंजनाबाई कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडत बसल्या होत्या, मांडीवर पांढरा ढीग, नाकाला तंतू चिकटलेला. चारुलता शेजारी जाऊन बसली.

"ऊठनी का?" रंजनाबाईंनी मूठभर कापूस तिच्या पुढ्यात ठेवला. "आंग दुखी ऱ्हायनं का?"

"दुखी ऱ्हायनं," चारुलता म्हणाली. "पण कमी शे."

दोघी ऊन उतरेपर्यंत कापूस निवडत राहिल्या.