बडे बाबूंचं हॉटेल

चिन्मय दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरहून आला आणि जाताना घरच्या कम्प्युटरमध्ये एक गेम टाकून गेला. "आई, दुपारी तू एकटीच असतेस. खेळून तर बघ," एवढंच म्हणाला. त्या एका वाक्यानं आपल्या बापाची झोप उडेल, हे त्या पोराच्या गावीही नव्हतं.

बाप म्हणजे नंदकिशोर पाठक, बालाघाटच्या सिंचाई दफ्तरात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. कम्प्युटर त्यानंच आणला होता. दफ्तरात आता सगळं कम्प्युटरवर येणार म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी त्यानं महिनाभर शिकवणी लावली, दोन बोटांनी टाइप करायला शिकला. घरात त्या यंत्राला हात लावायचा तर त्याला विचारून, असा त्याचा शिरस्ता होता. आणि आता रोज संध्याकाळी घरी यावं तर त्याची बायको अहिल्या पदर खोचून त्याच खुर्चीत बसलेली.

गेम हॉटेलचा होता. गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहायची. त्यांना बसवायचं, ऑर्डर घ्यायची, खिडकीत द्यायची, ताट नेऊन ठेवायचं, बिल घ्यायचं, उष्टं उचलायचं. प्रत्येकाच्या डोक्यावर पाच लाल बदाम. उशीर झाला की एकेक बदाम गळायचा आणि शेवटचा गळला की गिऱ्हाईक पाय आपटत चालतं व्हायचं. एक दिवस निभावला की पुढची लेव्हल. डिसेंबर संपेपर्यंत अहिल्या एकतिसाव्या लेव्हलवर पोचली होती.

इथवरही नंदकिशोरचं काही दुखलं नसतं. दुखायला लागलं ते रविवारच्या फोनमुळे.

चिन्मय दर रविवारी सकाळी दहाला होस्टेलजवळच्या पीसीओवरून फोन करायचा. आधी फोन नंदकिशोर घ्यायचा. "बाबा, तब्येत ठीक?" "ठीक आहे. अभ्यास?" "चालू आहे." मग तो म्हणायचा, "आईला देता?" आणि मग अर्धा-अर्धा तास अहिल्या बोलत राहायची. पोरगा होस्टेलमध्ये मित्राच्या कम्प्युटरवर तोच गेम खेळायचा आणि बाविसाव्या लेव्हलवर अडला होता. आईच त्याला शिकवायची. मध्येच ती अशी खळखळून हसायची की नंदकिशोरच्या हातातलं वर्तमानपत्र थांबायचं. असं हसू त्यानं या घरात कधी ऐकलं होतं, ते त्याला आठवेना.

दफ्तरातही सुटका नव्हती. शेजारच्या टेबलावरचा तेजराम एक दिवस म्हणाला, "बडे बाबू, भाभी तं एकदम चॅम्पियन निघाली म्हणते. माही बायको शिकाले येऊ म्हणून राह्यली."

"हौ," नंदकिशोर म्हणाला, आणि हातातली फाइल उगाचच परत पहिल्या पानापासून चाळू लागला.

त्यानं गुपचूप स्वतःच्या नावानं गेम सुरू केला. अहिल्या भाजीला गेली की तो बसायचा. पण तीस वर्षांची सवय आडवी यायची. पहिलं आलेलं गिऱ्हाईक आधी घ्यायचं, त्याचं जेवण, बिल, उष्टं सगळं उरकायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. आवक क्रमांकाप्रमाणे फाइल निकालात काढावी तसं. तोवर बाकीच्यांचे बदाम गळून दार ओकं व्हायचं. सहाव्या लेव्हलवर तो आठ दिवस अडकला. बायकोला विचारणं शक्यच नव्हतं. त्यापेक्षा त्यानं नोकरीचा राजीनामा दिला असता.

फोनची दुसरी जोडणी आतल्या खोलीत होती. पुढच्या रविवारी अहिल्येनं बैठकीत फोन घेतल्यावर नंदकिशोर आत गेला, हळूच रिसीव्हर उचलला, बोलायच्या बाजूवर तळहात दाबला आणि डायरी उघडली.

"लाल कपड्याचं माणूस लाल खुर्चीवरच बसव," अहिल्या सांगत होती. "जास्त गुण भेटतेत. अन् एकाचं सगळं उरकत नको बसू. दोन-तीन टेबलाच्या ऑर्डरी एका दमात घे, मंग ताटं एका दमात, मंग बिलं. एकच काम लागोपाठ केलं का गुण वाढत जातेत. मधात दुसरं काम केलं का साखळी तुटते."

"पण मग बिलवाला चिडतो ना!"

"चिडू दे. दोन बदाम शिल्लक असले का त्याले बिनधास्त थांबव. जेवलेलं माणूस लवकर उठत नाही. दारातल्याले मात्र सरबत दे, त्याचे बदाम भरतेत."

नंदकिशोरनं सगळं लिहून घेतलं. पण लिहिता लिहिता त्याला टोचत होतं ते वेगळंच. पोरगा मध्येच म्हणाला, "आई, माझा एक पेपर खराब गेला. बाबांना सांगू नको." आणि अहिल्या म्हणाली, "नाही सांगत. पुढचा चांगला लिहिजो." गुणांचं बोलता बोलता असंही बोलणं होत होतं तर! ते त्याच्या वाट्याला कधीच आलं नव्हतं.

चार रविवार तो ऐकत राहिला. डायरीच्या जोरावर नवव्या लेव्हलपर्यंत पोचला आणि तिथं पुन्हा रुतला.

जानेवारीत अहिल्या बहिणीकडे लांजीला दोन दिवस गेली. शनिवारी दुपारी जेवून नंदकिशोर कम्प्युटरपुढे बसला. पडद्यावर दोन नावं होती. तिच्या नावापुढे एकतीस, त्याच्या नावापुढे नऊ. त्यानं नवव्या लेव्हलवर पाच डाव घालवले. सहाव्या डावाला मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलणारी एक बाई आली, तिच्या आवाजानं शेजारचा म्हातारा उठून गेला आणि डाव परत बुडाला.

मग त्यानं अहिल्येचं नाव उघडलं. नुसतं बघायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कोपऱ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं बटण होतं. ते दाबल्यावर इंग्रजीत एक प्रश्न आला: आतापर्यंतची सगळी प्रगती पुसली जाईल, चालेल का? नंदकिशोरचं इंग्रजी चांगलं होतं. त्यानं प्रश्न दोनदा वाचला. आणि 'हो'वर टिचकी मारली.

क्षणभर त्याला फार बरं वाटलं. मग चहा करून घ्यायला तो उठला आणि पाणी आटून भांडं करपेपर्यंत ओट्यापाशी उभा राहिला.

रविवारचा फोन 'तब्येत ठीक?'वरच आटोपला. अहिल्या सोमवारी परतली. दुपारी तिनं गेम उघडला आणि संध्याकाळी तो घरी येताच विचारलं, "अहो, माह्यं सगळं कसं काय मिटलं?"

"लाइट गेलती दोनदा," बूट काढताना तो म्हणाला. "व्होल्टेजचा काही भरवसा आहे काय!"

"हौ का," ती म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली. आठवडाभर तिनं कम्प्युटर लावला नाही. एकट्यानं खेळायला आता नंदकिशोरला मोकळं रान होतं, पण त्याचंही मन लागेना.

पुढच्या रविवारी फोन आला. जायचं नाही असं ठरवूनही तो आत गेलाच.

"लाइट गेल्यानं असं होत नाही, आई," चिन्मय म्हणत होता. "कोणीतरी बटण दाबल्याशिवाय मिटत नाही ते."

"माहीत आहे मले. बाबानंच केलं असन."

"काय? का पण?"

"त्यायले काही म्हणू नको तू. महिना झाला, आतल्या फोनवरून आपलं बोलणं ऐकून राह्यले थे. श्वास ऐकू येते मले त्यायचा. अन् थेबी खेळतेत चोरून, पडद्यावर नाव दिसते." जरा थांबून तिनं आवाज चढवला. "अहो, ऐकूनच राह्यले तं बोला की पोराशी!"

तिचा आवाज एकदा कानातून आला आणि एकदा भिंतीपलीकडून. नंदकिशोरच्या कानशिलांना आग लागली. रिसीव्हर ठेवून द्यावा, मागच्या दारानं निघावं, असं त्याला झालं. पण तळहात आपसूक बाजूला झाला.

"मीच मिटवलं," तो म्हणाला.

"काहून?" अहिल्येनं विचारलं.

"तुम्ही दोघं हसता म्हणून." "मले थो निस्ती तब्येत विचारते. मंग म्हणते आईला द्या. दर रविवारी. पेपर खराब गेला थेबी मले आतल्या फोनवरून चोरून ऐका लागते."

पीसीओमागे रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. शेवटी चिन्मय म्हणाला, "बाबा, तुम्ही रागावता म्हणून नाही सांगितलं." आणि मग, "तुम्ही कितव्या लेव्हलवर आहात?"

"नऊ."

"कुठं अडलं?"

"थे मोबाइलवाली बाई. म्हाताऱ्याले उठवून देते."

"तिला कोपऱ्यातलं टेबल द्यायचं, बाबा. आणि तिची ऑर्डर सगळ्यात आधी. खायला लागली की ती गप बसते."

नंदकिशोरनं डायरीत लिहून घेतलं. अहिल्येनं बैठकीतला फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, पण पोरगा लाइनवरच होता. त्या दिवशी तो बापाशी अकरा मिनिटं बोलला.

अहिल्येनं मात्र इतक्यात सोडलं नाही. चार दिवस ती कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी तिनं पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली आणि बजावलं, "माह्या नावाले हात लावाल तं कम्प्युटर फरशीवर दिसन." होळीपर्यंत ती परत तिशीच्या पुढे गेली. नंदकिशोर चौदावर होता.

मे महिन्यात चिन्मय सुट्टीवर आला. पहिल्याच दुपारी तो खुर्ची ओढून बापाशेजारी बसला. नंदकिशोरनं त्याला पंधरावी लेव्हल दाखवली; चार टेबलं, दारात सहा माणसं, आणि सरबत संपलेलं. पोरगा थोडा वेळ बघत राहिला, मग डोकं खाजवून ओरडला, "आई, ये ना इकडे! ही मी कशीबशी काढली होती, हे तुलाच जमेल."

पुन्हा आईच, नंदकिशोरच्या मनात आलं. अहिल्या ओले हात पुसत दारात आली आणि उभी राहिली. आत यावं की नाही, ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवत होती.

त्यानं माउस सोडला नाही. पण खुर्ची थोडी सरकवली आणि म्हणाला, "बस. सांग, पह्यले कोणाले बसवू?"