पाण्याला भिणारा त्रिशूळ

“पंचमहाभूतं माझ्या मुठीत आहेत!” वर्षानंद महाराज गरजले आणि लगेच त्यांना चार शिंका आल्या. वाऱ्यानं गवतावरचा फवारा त्यांच्याच तोंडावर आणला होता.

१९९३चा श्रावण. बेला गावाजवळच्या एका खेड्यातलं निम्मं गाव माळावरच्या आश्रमात बसलेलं. बघायचं काय, तर गवत. बैलानं खायचं नाही, माणसानं तुडवायचं नाही, असं मखमली गवत. त्यावर मोटारीचे फवारे फिरत. पाऊस आला की ते आपोआप थांबत, ऊन तापलं की आपोआप सुरू होत. बटणाला कोणी हात लावत नसे. लाइन गेली म्हणावं, तर महाराजांच्या डोक्यावर पंखा गरगरत असे.

“वरुण आला की माझे फवारे हात जोडून गप्प होतात,” महाराज सांगत, आणि लोक फवाऱ्यांचे हात शोधत.

एवढ्या गवताला पाणी पुरेना, म्हणून गावची एकुलती एक बोअर आठ दिवसांपासून ‘तात्पुरती’ आश्रमाकडे वळली होती. ती कायमची द्यायचा ठराव सरपंच माणिकराव आज घेऊन आले होते. सह्या तेवढ्या बाकी होत्या.

शाळेत पाणी भरणारी राहीबाई दीड मैलावरच्या नाल्यातून घागर भरून आली होती. सह्या झाल्या की हेच रोजचं. पण तिला खुपत होतं ते वेगळंच. ओट्याच्या कोपऱ्यावर, फवाऱ्यांपासून दूर, उघड्यावर एक त्रिशूळ होता. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला भोकाभोकांचा डबा. त्याला पाणी घालायची सक्त मनाई. आपल्याकडे दगडाला शेंदूर लागायचा अवकाश, लोटे घेऊन रांग लागते. हाच एक देव पाण्याला काऊन भितो?

“महाराज, श्रावणातला सोमवार हाय. त्रिशुळाले पाणी घालतो.”

“मूढ स्त्रिये! भस्म होशील!”

“भस्म झालो तं पाणी भराची मेहनत तरी वाचंल.”

तिनं अख्खी घागर हळूहळू डब्यावर रिती केली. मंडळी चार पावलं मागं सरकली. राहीबाई काही जळली नाही. फवारे मात्र थोड्या वेळानं माना टाकून बसले. वर लख्ख ऊन.

“वरुणदेव आले!” एक भक्त ओरडला आणि सवयीनं त्यानं छत्री उघडली.

“कुठं हाय पाऊस? हा तं माह्या घागरीतला वरुण.”

महाराजांनी मंत्र म्हटले, हुंकार दिले, राख फुंकली. मंत्रांनी घसा बसला, फवारे उठेनात.

शाळेतले सुधाकर गुरुजी पुढं झाले. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत बुचासारख्या चकत्यांची चवड, भिजून टम्म फुगलेली, आणि वर एक बटण.

“माणिकराव, बैलगाडीचं चाक डबक्यात काऊन ठेवता?”

“लाकूड फुगतं, गुरुजी. मंग चाकावरची लोखंडी धाव घट्ट बसते.”

“इथंबी तेच. चकत्या फुगल्या, बटण दाबलं गेलं, मोटर बंद. वाळल्या की चालू. पंख्याची वायर वेगळी.”

महाराज पूर्वी एका कारखान्याच्या बंगल्यावर लॉनचे फिटर होते, हेही मग बाहेर आलं. डबा तिथला. शेंदूर तेवढा स्वतःचा.

“यंत्र चांगलं आहे,” गुरुजी म्हणाले. “पाऊस पडून राह्यला तर मोटर चालवायची नाही, एवढी अक्कल त्याला आहे. पाणी वाचतं, विजेचं बिल वाचतं. अक्कल चकतीनं दाखवली, आणि आपण तिच्या पाया पडून बोअर द्यायला निघालो! उद्या कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी झाकण उघडून बघा.”

माणिकरावांनी ठराव फाडला. बोअर गावाकडे वळली आणि घागरींची रांग लागली. राहीबाईचा नंबर पहिला. तिची घागर भरत आली, तेव्हा शेजारी कोणीतरी खाकरलं.

पंचमहाभूतांचे मालक ओंजळ धरून उभे होते.

“बाई, घोटभर पाणी मिळेल का?”