काळ्या कमानीचं कार्ड

बाजारपेठेत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. गळ्यात दोरीला बांधलेली कात्री उठता-बसता हिंदकळायची, म्हणून ती सगळ्यांची कात्रीबाई. कपड्यांच्या, चपलांच्या, चष्म्यांच्या दुकानांत काचेमागे जी कागदी फुलं दिसत, ती बहुतेक तिच्याच हातची. गुलाब असा करायची की माणसं काचेला नाक लावून बघत.

हा हात तिला वडलांकडून मिळाला होता. आबांनी उभा जन्म कागदात काढला. पण गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, काठी धरून चालणंही जमू लागलं. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून. आबांनी कागदाचं नाव टाकलं. कात्रीबाईनेही तो विषय काढणं सोडलं. उगाच खपली कशाला काढा?

घरात तिसरी होती ती कात्रीबाईची लेक. काळा सदरा, काळी नखं, डोळ्यांत बोटभर काजळ. आबा तिला घुबड म्हणत आणि तिला त्याचा कोण अभिमान! हॅलोविन, तो विलायती भुताखेतांचा सण, जवळ आला की पोरीला जेवणाखाणाची शुद्ध राहत नसे. यंदा तर गल्लीच्या टोकाच्या वाचनालयाने त्या दिवशी हाताने केलेली कार्डं मांडायचं ठरवलं होतं. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, नुसती दोरीला चिमटे लावून टांगायची.

"मी करणार. गॉथिक, जुन्या भुताळ्या चर्चसारखं," घुबडाने जाहीर केलं. "आणि आई, तू मधे पडायचं नाहीस."

"मला वेळ आहे कुठे मधे पडायला?"

ते खरंच होतं. हंगामाची कामं डोक्यावर होती. सकाळी बाहेर पडली की दिवेलागणीलाच परत. घरी यावं तर टेबलावर काळ्या कागदाचे कपटे आणि आबांच्या सदऱ्यावर वाळलेला गोंद. "पोरगी तुम्हालाही कार्डावर चिकटवणार एक दिवस," ती आबांना म्हणायची. आजा-नात एकमेकांकडे बघून खुसखुसत. दमलेल्या माणसाला त्यात काय दिसणार? ती चहाचं आधण ठेवायला आत वळायची.

हॅलोविनच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली. घुबड शाळेत जाताना दारातून ओरडली, "कार्ड वाळतंय, हात लावू नकोस! संध्याकाळी तुम्ही दोघांनी यायचंय वाचनालयात. आबांना घेऊन ये हं, नक्की!"

आबा अजून झोपले होते. चहाचा कप घेऊन कात्रीबाई टेबलापाशी आली आणि तिने ते कार्ड पहिल्यांदा नीट पाहिलं.

पोरीने कमाल केली होती. जाड काळ्या पुठ्ठ्याची टोकदार कमान, जुन्या चर्चच्या खिडकीसारखी. दोन झडपा मधोमध उघडणाऱ्या. खिडकीची जाळी इतक्या सफाईने कापलेली, की कात्रीबाईला स्वतःच्या तरुणपणाची आठवण झाली. जाळीमागे जांभळा पातळ कागद, कोपऱ्यात राखाडी दोऱ्याचं कोळ्याचं जाळं. आणि कमानीच्या पायाशी काळ्या-किरमिजी क्रेप कागदाचे गुलाब.

गुलाब कसले! एकाची पाकळी दुसरीवर चढलेली, दुसऱ्याचं पोट सुटलेलं, तिसरा मान टाकून बसलेला. गोंदाचे ओघळ. तार नीट न गुंडाळता नुसती पिळलेली.

तिला हसू आलं, मग जरा वाईटही वाटलं. जाळी एवढी सुरेख आणि फुलांनी माती केली. संध्याकाळी सगळी पेठ तिथे येणार. कात्रीबाईच्या घरातलं कार्ड म्हणून लोक आधी फुलंच बघणार. पोरीला उगाच ऐकून घ्यावं लागेल. आणि खरं सांगायचं तर कात्रीबाईचे हातही शिवशिवत होते. एवढ्या दिवसांत पोरीसाठी आपण काहीच केलं नाही, हेही मनात होतंच.

तिने पातळ सुरी घेऊन गुलाब अलगद सुटे केले. क्रेपची गुंडाळी काढली, पाकळ्या कापल्या, विणायच्या सुईवर त्यांच्या कडा वळवल्या आणि तारेभोवती एकेक चढवत गेली. बघता बघता काळे गुलाब उमलले. मग वाटलं, कडा थोड्या जाळल्या तर? शंभर वर्षं बंद असलेल्या घरातली फुलं वाटतील. तिने मेणबत्ती पेटवली. ज्योतीवर किती धरलं म्हणजे कड करपते आणि पेट घेत नाही, ते आधी कशावर तरी करून बघायला हवं होतं. सुटी केलेली फुलं समोरच होती. मेणबत्ती आणि ती फुलं तिने मोरीपाशी नेली. चिमट्यात धरून एक जाळलं, ते भसकन पेटलं. दुसरं जरा वर धरलं. असं करत करत अंदाज आला, तोवर मोरीत नुसती राख उरली होती.

आबा काठी टेकत बाहेर आले, तेव्हा ती शेवटचा गुलाब बसवत होती.

ते टेबलापाशी येऊन उभे राहिले. वाकून एकेक गुलाब बघितला.

"छान झालंय," मग म्हणाले. "आधीची कुठंयत?"

"ती होय?" कात्रीबाई हसली. "अहो आबा, ती काय फुलं होती? कोबीचे गड्डे! एवढ्या कलावंत घरातली पोर आणि हात बघा. जाळून टाकली मी, कडा करपवून बघायला."

आबाही हसले. "कोबीच म्हणायचे," असं म्हणत खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

दुपारी घुबड आली. दप्तर खांद्यावरच होतं. टेबलाकडे नजर गेली आणि ती जागच्या जागी थबकली.

"माझी फुलं कुठंयत?"

"अगं, बघ तरी आता कसं दिसतंय—"

"आई, फुलं कुठंयत?"

"नव्याने केली. ती वेडीवाकडी होती, बाळा. लोक काय—"

"ती आबांची होती!" पोरीचा आवाज चिरकला. "माझी नव्हतीच! आबांनी केली होती, डाव्या हाताने! एकेक पाकळी दातात धरून वळवायचे ते. तार मी धरायचे, पिळायचे ते. तुला तिथे, वाचनालयात सांगायचं होतं आम्हाला. सगळ्यांसमोर. आबाच म्हणाले होते, आईला तिथेच कळू दे."

कात्रीबाईने वळून पाहिलं. आबांनी मान खाली घातली होती, जणू चूक त्यांचीच.

"जाऊ दे गं घुबडा," ते म्हणाले. "खरंच कोबी झाले होते."

"तुम्ही का नाही बोललात?" कात्रीबाई त्यांच्या खुर्चीपाशी गेली. "सकाळी विचारलंत, तेव्हा तरी का नाही सांगितलंत?"

"जाळल्यावर काय सांगायचं?"

ती मोरीकडे धावली. पाणी सोडून राख तिने स्वतःच धुऊन काढली होती.

संध्याकाळी तिघंही वाचनालयात गेली. आबांनीच हट्ट धरला. घुबड जायला तयार नव्हती. ती आबांसाठी गेली. कार्ड दोरीवर टांगलं गेलं आणि त्याच्यापुढे गर्दी झाली. "कात्रीबाईंचा हात लपत नाही," चष्मेवाले म्हणाले. ग्रंथपालबाईंनी कार्डाखाली नाव लिहायला पेन पुढे केलं. घुबड म्हणाली, "नको, राहू द्या." लोक कौतुक करत होते आणि कात्रीबाईला कानांवर हात ठेवावेसे वाटत होते. आबा मात्र नातीचा हात धरून एकेक कार्ड बघत फिरले. शाळेतल्या एका चिमुरडीने केलेल्या वटवाघळापाशी ते सर्वांत जास्त रेंगाळले. त्याला एकच पंख होता.

त्यानंतर कात्रीबाईने काय काय केलं नाही! लवकर घरी येऊ लागली. क्रेपच्या रंगीत गुंडाळ्या आणून आबांपुढे ठेवल्या. "आबा, पांढरा गुलाब हवाय, तुमच्या पद्धतीचा. मला ती शेवटची पाकळी जमत नाही."

"जमते की. माझ्यापेक्षा बरी जमते," आबा म्हणाले.

"करा ना एक."

"आता कशाला? तू आहेस ना."

हे ते रागाने म्हणाले असते तर तिला सोसलं असतं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बटणं लावायला, चमचा धरायला ते डाव्या हाताने शिकले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्यांना शाबासकी देत. कागद मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही.

एका दुपारी आजा-नात बाहेर गेली असताना तिने उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्या हाताने गुलाब करायला घेतला. कात्री बोटांत बसेना. कागद निसटे. पाकळी दातात धरली तर ओठांना गोंद लागला, कागदाचा कडवट रंग जिभेवर उतरला. चहा दोनदा थंड झाला तरी फुलाचं फूल झालं नाही. तिने ते चुरगळून टाकलं आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

पुढच्या हॅलोविनला घुबडाने पुन्हा कार्ड करायला घेतलं, पण आता आबांच्या खोलीत, दार लावून. आतून कात्रीचा आवाज यायचा. मधेच आबा म्हणत, "अजून काळा घे, अजून काळा," आणि दोघं हसत. करणारे हात एकट्या पोरीचेच होते, हे कात्रीबाईला ऐकूनच कळायचं.

ती दारापर्यंत जायची. चहाचे कप बाहेर स्टुलावर ठेवायची, "चहा ठेवलाय" एवढं सांगायची आणि कुणी दार उघडायच्या आत स्वयंपाकघरात परतायची.